एक मिलिअँपिअरचा उजेड

घरी जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक भाग असा असतो, की तो काढून टाकला तरी आवाजात तसूभर फरक पडत नाही. ट्रान्सफॉर्मर अपुरा पडला तर तबल्याची थाप मऊ होते, फिल्टरचा कपॅसिटर सुकला तर मागून गुणगुण ऐकू येते, व्हॉल्यूमचा पॉट झिजला तर खरखर होते. पण पुढच्या पट्टीवरचा, ‘चालू आहे’ एवढंच सांगणारा तो ठिपका? तो कानांसाठी नाहीच. त्यामुळे त्याची आठवण सगळ्यांत शेवटी येते. हीटसिंक बसलं, कॅबिनेट रंगवून वाळलं, बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर पक्का झाला, की डब्यात हाताला लागेल तो एलईडी आणि हाताला लागेल तो रेझिस्टर. मग रात्री खोलीतले दिवे मालवले, की छतावर निळा झोत पडलेला दिसतो.

नवी मुंबईत हा झोत जरा जास्तच टोचतो. परदेशी मासिकांत गाणं ऐकायची वेगळी खोली दाखवतात. आपल्याकडे सिडकोच्या वन आरकेमध्ये किंवा वन बीएचकेच्या हॉलमध्ये अ‍ॅम्प, टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर आणि रात्री अंथरलेली गादी सगळं एकाच छपराखाली असतं. उशीपासून अ‍ॅम्पची पुढची पट्टी फार तर हातभर लांब. त्यामुळे इथे दिवा निवडताना, दिवसा तो दिसतो का यापेक्षा रात्री तो किती दिसतो हा प्रश्न मोठा असतो. अन् त्या प्रश्नाच्या मागे गेलं, की एका मसुराएवढ्या वस्तूत पुंजभौतिकी, डोळ्याची रचना आणि वीज मंडळाची जुनी रीत अशी तिन्ही प्रकरणं भेटतात. मी या ठिपक्याच्या नादी लागलो तो त्यामुळेच.

माल घ्यायला जायचं ते लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोडच. वाशीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, आणि दादरला पश्चिम रेल्वे धरून ग्रँट रोड. दुकानदाराला नुसतं ‘एक लाल एलईडी द्या’ म्हटलं तर तो उलट विचारतो: तीन एमएम की पाच? डिफ्यूज्ड की वॉटर क्लिअर? यातल्या दुसऱ्या प्रश्नात अर्धी निवड झालेली असते, ते का, हे पुढे येईलच. पण त्याच्याही आधी ठरवायचं असतं ते दिव्याचं कूळ. कुळं तीन: तापलेली तार, पेटलेला वायू आणि स्फटिक.

तारेचा दिवा सर्वांत जुना. व्हॉल्व्हच्या रेडिओत स्टेशनांच्या नावांची काच मागून उजळायला ६.३ व्होल्टचे छोटे बल्ब असत, कारण व्हॉल्व्हचे हीटर तापवणारी ६.३ व्होल्टची वेटोळी ट्रान्सफॉर्मरवर आयतीच होती. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता त्या काळातले सेट आजही कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात, आणि तोच पिवळसर, किंचित थरथरता उजेड देतात. या बल्बाचा एक नियम मला जादूसारखा वाटतो: त्याचं आयुष्य ढोबळमानाने व्होल्टेजच्या बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ६.३ व्होल्टचा बल्ब ५ व्होल्टवर लावला तर उजेड निम्म्याहून थोडा कमी होतो, पण आयुष्य होतं सुमारे सोळापट. जुने मेकॅनिक डायलच्या बल्बाला छोटा रेझिस्टर घालून ठेवत, त्याच्या मागे हेच गणित होतं.

याच रेडिओंपैकी महागड्या सेटांत एक हिरवा डोळाही असे, मॅजिक आय. १९३५ मध्ये आरसीए कंपनीने ६ई५ नावाची ही नळी आणली. पुढे फिलिप्सच्या घराण्यातल्या ईएम८०, ईएम८४ या नळ्या आपल्याकडेही दिसू लागल्या. स्टेशन नेमकं लागलं की हिरव्या पंखाची फट मिटायची. तिचं अधिकृत काम ट्यूनिंग दाखवण्याचं. पण व्हॉल्व्ह तापायला लागणारा वेळ संपल्याशिवाय ती उजळतच नसे. म्हणजे ती न बोलता आणखी एक गोष्ट सांगायची: वीज आली एवढंच नाही, आता यंत्र ऐकवायला तयार आहे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सुरुवातीच्या विधानाला एक देखणा अपवाद मात्र आहे. स्टॅनफर्डचा विद्यार्थी बिल ह्यूलेट याने १९३९ च्या आपल्या प्रबंधात एक ऑसिलेटर मांडला. आवाजाच्या पट्ट्यातली शुद्ध लहर निर्माण करणारं ते यंत्र. अडचण अशी, की लहर हळूहळू फुगून फाटायची किंवा विरून जायची. ह्यूलेटने सर्किटमध्ये एक साधा छोटा बल्ब घातला. लहर मोठी झाली की तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की वाढ आपोआप दबते. बल्ब उजेडासाठी नव्हताच, तो लगाम होता. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचं पहिलं उत्पादन हेच, आणि वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने १९४० च्या ‘फॅन्टेसिया’ चित्रपटाच्या ध्वनियोजनेच्या तपासणीसाठी त्याची सुधारित आवृत्ती असलेले आठ ऑसिलेटर विकत घेतले. दिव्याने आवाजाला हात लावलेला असा प्रसंग विरळाच.

आपल्या घरांत तारेच्या मंद दिव्याची एक खास देशी ओळखही आहे: झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण प्रत्यक्षात तो बारा-पंधरा वॉट खातो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढी कमी वीज नोंदलीच जात नसे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. अ‍ॅम्पच्या ठिपक्याला याच्या हजाराव्या हिश्शाची वीज पुरते, आणि तरी तो डोळ्याला जास्त खुपू शकतो.

दुसरं कूळ निऑनचं. रॅमझी आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये हवेतून वेगळा काढलेला हा वायू. १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल मूरने त्याचा बोटाच्या पेराहून लहान दिवा केला. तुमच्या घरातल्या टेस्टरच्या पारदर्शक मुठीत जी नारिंगी चमक दिसते ती याच दिव्याची, आणि एक्स्टेन्शन बोर्डावरचे कित्येक लाल इंडिकेटरही निऑनचे असतात. यात तार नाही. दोन धातूच्या काड्या जवळ जवळ उभ्या, मधे थोडा निऑन. साठ-पासष्ट व्होल्टपर्यंत काहीच होत नाही. मर्यादा ओलांडली की वायू एकदम वाहक होतो आणि पेटतो. आपल्या २३० व्होल्टवर त्याच्या जोडीला २२० किलोओहमचा रेझिस्टर लावला की पाऊण मिलिअँपिअर वाहतो. टेस्टरमध्ये तर रेझिस्टर त्याहूनही मोठा असतो, म्हणून तुमच्या अंगातून जाणाऱ्या इवल्याशा प्रवाहावर दिवा लागतो आणि तुम्हाला समजतही नाही.

निऑनचा एक प्रयोग शाळेत दाखवायला हवा. एसीवर त्याच्या दोन्ही काड्या उजळलेल्या दिसतात, कारण आलटून पालटून दोघींची पाळी येते, सेकंदाला पन्नास वेळा. तोच दिवा डीसीवर लावला तर फक्त ऋण टोकाची काडी उजळते, दुसरी काळीच राहते. म्हणजे हा एवढासा दिवा वीज आहे की नाही हे तर सांगतोच, ती एसी आहे की डीसी आणि डीसी असल्यास ऋण बाजू कोणती, हेही सांगतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प जोडणाऱ्यांना निऑन आवडतो त्यात त्याच्या उबदार नारिंगी रंगाचा वाटा आहेच, पण तो थेट मेन्सवर चालतो ही सोयही आहे. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक, पेटताना आणि विझताना तो विजेला झटके देतो. संवेदनशील फोनो प्रिअ‍ॅम्पच्या शेजारून त्याच्या वायरी नेल्या तर स्पीकरमधून घरघर येऊ शकते. वायरी एकमेकींभोवती पिळून, कॅबिनेटच्या कडेने न्याव्यात. दोन, पुढच्या पट्टीवर २३० व्होल्ट येतात. टोकं नीट झाकलेली नसतील तर निऑन लावूच नये.

आता एलईडी. इथे मात्र मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

एक लाल आणि एक निळा एलईडी घ्या, दोघांतून सारखाच प्रवाह जाऊ द्या, आणि मल्टिमीटरने प्रत्येकाच्या दोन पायांमधलं व्होल्टेज मोजा. लाल सुमारे १.८ ते २ व्होल्ट दाखवेल. निळा ३ च्या आसपास. हे आकडे कारखान्याने ठरवलेले नाहीत. स्फटिकातला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो तेव्हा पायऱ्यांमधलं अंतर प्रकाशाचा एक कण होऊन बाहेर पडतं. अंतर लहान असेल तर प्रकाश लाल, मोठं असेल तर निळा. लाल प्रकाशाच्या ६३० नॅनोमीटर लहरीच्या कणाची ऊर्जा जवळजवळ २ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, आणि तुमचा मीटरही २ व्होल्टच्या जवळपासच येऊन थांबतो. शे-पाचशे रुपयांच्या मीटरवर तुम्ही रंगाची ऊर्जा वाचत असता. एका मिलिअँपिअरमध्ये दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी कोटी इलेक्ट्रॉन ही उडी घेतात. त्यांतल्या दहातल्या एकानेच बाहेर पडणारा प्रकाशकण दिला असं धरलं, तरी सहा कोटी कोटींहून जास्त प्रकाशकण, दर सेकंदाला, एका ठिपक्यातून.

स्फटिक असा चमकतो हे १९०७ मध्येच हेन्री राउंड नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाला दिसलं होतं. कार्बोरंडमच्या खड्याला वीज लावल्यावर पिवळट उजेड आला. डोळ्यांना दिसणारा कामाचा लाल एलईडी निक होलोनियाकने जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली केला. निळ्याला आणखी तीन दशकं लागली: निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी दाखवला, आणि आकासाकी, आमानो, नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. मग जे व्हायचं ते झालं. इतकी वर्षं न मिळालेला रंग हाती आल्यावर २००० नंतरच्या दशकात होम थिएटरपासून चार्जरपर्यंत सगळ्यांच्या कपाळावर निळा टिळा लागला. निळा म्हणजे आधुनिक, असा समज झाला. मला तो पटत नाही, आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला डोळाच उभा आहे.

साक्ष पहिली, चष्म्याच्या नंबराची. डोळ्याचं भिंग सगळ्या रंगांना एकाच जागी आणू शकत नाही. लाल ठिपका पडद्यावर नेमका जुळला असेल, तर निळ्या ठिपक्याची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. फरक जवळजवळ एक डायॉप्टरचा. म्हणजे निळ्या एलईडीकडे पाहताना चांगली नजर असलेला माणूसही जणू एक नंबराचा चष्मा विसरून आलेला असतो. अंधारात बाहुली विस्फारलेली असते तेव्हा हा दोष आणखी उघडा पडतो. निळ्या ठिपक्याभोवती जे धुरकट वलय दिसतं ते एलईडीत नसून आपल्या डोळ्यात असतं.

साक्ष दुसरी, संध्याकाळच्या फुलांची. दिवस मावळताना कुंडीतल्या लाल जास्वंदीकडे आणि शेजारच्या निळ्या गोकर्णीकडे एकत्र बघा. दुपारी जास्वंद उठून दिसत होती. अंधार दाटत जातो तशी ती काळी पडते आणि गोकर्ण फिकट, पण उजळ दिसत राहते. बोहेमियाच्या पुर्किन्ये याने हे १८२५ मध्ये नोंदवलं. कारण असं, की भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींची नजर ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सर्वांत तीक्ष्ण असते, तर अंधारात काम हाती घेणाऱ्या दंडपेशींची ५०७ नॅनोमीटरला, निळ्या बाजूला सरकलेली. लाल या दंडपेशींना जवळपास दिसतच नाही. दुपारी दुकानात निवडलेला निळा एलईडी म्हणूनच रात्री वेगळा भासतो. विशेषतः त्याने छतावर आणि भिंतीवर सांडलेला उजेड. जुन्या छायाचित्रांच्या डार्करूममध्ये आणि आकाशदर्शनाला जाणाऱ्यांच्या विजेरीत लाल दिवा असतो. डार्करूममध्ये तो कागदाला लाल दिसत नाही म्हणून, आणि आकाशदर्शनात दंडपेशींना दिसत नाही म्हणून.

साक्ष तिसरी ताजी आहे. २००२ मध्ये डोळ्याच्या पडद्यात आणखी एक प्रकाशसंवेदी पेशी नक्की झाली. ती चित्र पाहण्यासाठी नसून शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्यासाठी आहे, आणि तिची संवेदना ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यालाच सर्वाधिक आहे. एका ठिपक्याने झोप उडते असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण रात्रीच्या खोलीत निळाच रंग का निवडायचा, याचं एकही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

रंगापेक्षाही मोठा घोळ तेजाचा. पूर्वीच्या एलईडीला २० मिलिअँपिअर दिले तरी तो काही मिलिकँडेला उजेड द्यायचा, आणि पुस्तकांत तो वीसचा आकडा तसाच राहिला. आजचा पाच एमएमचा वॉटर क्लिअर एलईडी तेवढ्याच प्रवाहात दहा हजार मिलिकँडेलाही देतो. एक कँडेला म्हणजे साधारण एक मेणबत्ती. झोताच्या रेषेत डोळा आला तर दहा मेणबत्त्यांची धार एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून येते. वॉटर क्लिअर एलईडीची घुमटी उजेड अरुंद कोनात गोळा करते. डिफ्यूज्डची दुधी घुमटी तो चोहीकडे पसरते. दुकानदाराच्या प्रश्नाचं मोल हे. अ‍ॅम्पसाठी डिफ्यूज्डच. वॉटर क्लिअरच घरात असेल तर त्याची घुमटी चारशे नंबरच्या पॉलिशपेपरवर घासून दुधी करता येते.

आणि रेझिस्टर दुप्पट करून काही साधत नाही, ही इथली गंमत. १० के (किलोओहम) काढून २० के लावा, प्रवाह निम्मा होतो, डोळ्याला फरक जेमतेम कळतो. कारण डोळा बेरजेने नाही, पटीने मोजतो. कानही तसाच. म्हणून तर आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि व्हॉल्यूमला लॉग पॉट लावतात; पॉटच्या पाठीवर ‘ए५०के’ असं असेल तर तो लॉग, ‘बी५०के’ असेल तर सरळ. घरगुती अ‍ॅम्पवर नाचणारे दहा एलईडी दाखवणारा एलएम३९१५ हा आयसी दर पायरीला ३ डेसिबल मोजतो, तोही याच हिशेबाने. अ‍ॅम्प जोडणारा माणूस कानाच्या या स्वभावाची दखल पहिल्या दिवसापासून घेतो, अन् डोळ्याची मात्र विसरतो. ठिपका मंद वाटायला हवा असेल तर रेझिस्टर दुप्पट नव्हे, पाचपट-दहापट करून बघावा.

आता अर्थाचं प्रकरण. हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद, असं तुम्ही म्हणाल. मग एकदा सोसायटीच्या मीटर रूममध्ये डोकावा. पॅनेलवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे शेजारी शेजारी लागलेले असतील. त्यांचा बंद-चालूशी संबंध नाही. ते आर, वाय आणि बी या तीन फेजांचे. तिन्ही लागले की तिन्ही फेज आल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात महापे, रबाळेकडच्या कारखान्यांत अशीच पॅनेलं, आणि त्यांवर २२.५ एमएमच्या भोकात बसणारे ठोकळे दिवे. वीज उपकेंद्रात तर सगळंच उलटं: आपल्याकडच्या जुन्या रिवाजानुसार ब्रेकर चालू असेल तर लाल दिवा आणि बंद असेल तर हिरवा. कारण तिथे दिव्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. यंत्र नीट चाललंय का, हा नाही. हात लावू का, हा. वाहती वीज म्हणजे धोका, म्हणून लाल. खोळंबलेली वीज म्हणजे सुरक्षित, म्हणून हिरवा. टीव्हीचा लाल ठिपका मात्र झोपलेला असतो. एकाच माणसाला कामावर लाल म्हणजे जिवंत आणि घरी लाल म्हणजे निद्रिस्त, असं दिवसातून दोनदा समजून घ्यावं लागतं, आणि तो ते बिनबोभाट करतो.

त्यामुळे एकाच एलईडीत लाल-हिरवा घालून ‘स्टँडबाय’ आणि ‘चालू’ वेगळे दाखवण्याची हौस मला नको वाटते. पुरुषांत लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे बायकांच्या मानाने बरेच जास्त असतात, आणि घरात जोडलेली यंत्रं बहुतेक पुरुषांच्याच हातची. दोन स्थिती दाखवायच्याच असतील तर दोन जागी दोन ठिपके ठेवावेत किंवा एक लुकलुकता.

पण खरा प्रश्न ठिपक्याच्या रंगाचा नसून तो कुठून वीज घेतो याचा आहे. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. घरातले सगळे ठिपके एकदम विझले. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांचे मात्र लागलेले राहिले. बाहेरची वीज गेली आहे हे त्या घरातल्या अ‍ॅम्पच्या दिव्याला कळायचं कारणच नव्हतं. दिवा फक्त स्वतःच्या दोन वायरींबद्दल बोलतो, त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं.

अ‍ॅम्पच्या आत हे जास्त महत्त्वाचं. दिवा स्विचनंतर पण फ्यूजच्या आधी जोडला, तर फ्यूज उडाला तरी तो मजेत लागलेला. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला, डायोडच्या आधी जोडला, तर ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे एवढं कळतं. पण तिथे एसी असते आणि साधा एलईडी उलटी वीज पाच व्होल्टच्या पुढे सोसत नाही, म्हणून त्याला उलटा जोडलेला १एन४१४८ डायोड सोबत द्यावा लागतो. फिल्टर कपॅसिटरनंतर जोडला की सगळ्यांत शिकण्यासारखा खेळ दिसतो. अ‍ॅम्प बंद केल्यावर एलईडी लगेच विझत नाही. कपॅसिटरमधली शिल्लक वीज संपेपर्यंत तो हळूहळू मावळतो. बोर्ड सोडवून नुसता पॉवर सप्लाय ठेवला असेल, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३५ व्होल्टवर असेल आणि त्यावर ३३ केच्या मागे एकटा एलईडी, तर हा सूर्यास्त काही मिनिटं चालतो. तो पुरता विझला म्हणजे तिथे दोन-एक व्होल्टच उरले. हात घालायला हरकत नाही.

हाच भरवसा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ठेवला तर मात्र जिवाशी खेळ होतो. तिथे एलईडी बहुधा ६.३ व्होल्टच्या हीटरवर असतो, तो स्विच बंद करताच विझतो, आणि तीनशे व्होल्टचा कपॅसिटर शेजारी भरलेलाच असतो. त्यावर निऑन लावला तरी तो साठ-एक व्होल्टला विझून जातो. उरलेल्या साठांबद्दल गप्प. तिथे दिव्यावर विसंबायचं नाही, निचऱ्याचा रेझिस्टर आणि मीटर हेच खरे.

मला विचाराल तर ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये ठिपक्याची सर्वोत्तम जागा स्पीकर प्रोटेक्शनच्या रिलेपाशी आहे. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे हे तयार बोर्ड बहुधा यूपीसी१२३७ या आयसीचे असतात. अ‍ॅम्प चालू केल्यावर काही सेकंद ते वाट पाहतात, आउटपुटवर डीसी नाही याची खात्री करतात आणि मग ‘टक्’ करून रिले ओढतात. एलईडी रिलेच्या कॉइलला समांतर जोडला तर तो त्या ‘टक्’ बरोबरच उजळतो. मॅजिक आयसारखंच: वीज आली हे नाही, सगळं ठीक आहे आणि स्पीकर जोडला गेला आहे, हे तो सांगतो. पुढे कधी आउटपुट ट्रान्झिस्टर गेला तर ठिपका विझेल, आणि अ‍ॅम्पमधल्या पंख्याचा आवाज येत असूनही तुम्हाला दुखणं कुठे आहे ते कळेल.

उरली बसवण्याची रीत. खाडीच्या दमट हवेत बरेच दिवस पडून राहिलेल्या एलईडीचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काळपट होतात आणि सोल्डर धरत नाहीत. ब्लेडने हलकेच खरवडून घ्यावेत. रेझिस्टर एलईडीच्या पायालाच जोडून वर स्लीव्ह चढवावी. ३५ व्होल्टच्या रेलवर पुस्तकातले २० मिलिअँपिअर द्यायला जाल तर पाव वॉटचा रेझिस्टर जळेल, कारण त्यात साठपासष्ट शतांश वॉट उष्णता होते. एका मिलिअँपिअरला मात्र ३३ के लागतो आणि तो गारच राहतो. पण नेमका आकडा कागदावर काढू नये. एलईडीला १० केच्या जोडीला १ मेगओहमचा पॉट लावावा, अ‍ॅम्प त्याच्या ठरलेल्या जागी ठेवावा, रात्री दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून, गादीवर पडून पॉट फिरवावा. ठिपका दिसतोय पण त्याने काही उजळत नाही, अशी एक जागा सापडते. आजच्या ५२५ नॅनोमीटरच्या हिरव्याला तिथे मिलिअँपिअरचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. मग मीटरने पॉट मोजायचा आणि त्यात सोबतचा १० के मिळवायचा. बेरीज बाजारात मिळणाऱ्या आकड्यावर क्वचितच बसते. ३५० के आली, तर ३३० केचा घेऊ नये, ३९० केचा घ्यावा.